गिझरचा टॉप, गॅसची टोपी आणि बेडरूमचं दार

गेल्या थंडीत आमच्या बाथरूमबाहेर दोन दिवस सकाळी सुकटीसारखा वास येत होता. शेजारी बोंबील भाजत असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आई गिझरचा टॉप (पिनांचा प्लग) काढायला गेली आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा आत एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं आणि वायरवरचं रबर वितळून स्क्रूला चिकटलेलं. स्क्रू जेमतेम अर्धा आटा सैल होता.

मी विचारलं, "मग एमसीबी का नाही पडली?"

तो म्हणाला, "ती कशाला पडेल? करंट जेवढा जायचा तेवढाच जातोय की."

घरातल्या विजेच्या आगींबद्दल मी आजवर जे काही वाचलं, त्यात इतकं मुद्द्याचं वाक्य मला सापडलं नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

2000 वॅटचा गिझर साधारण 9 अँपिअर करंट ओढतो. वायर जाड असेल आणि जोड घट्ट असेल तर हा करंट सुखाने जातो. जोड सैल झाला की तांबं आणि पितळ एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, करंटला अरुंद फटीतून वाट काढावी लागते आणि त्या जागी उष्णता तयार होते. उष्णतेचं गणित असं, की करंट दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्या सैल स्क्रूपाशी समजा एका ओहमचा पाचवा भाग एवढाच अडथळा आला, तरी तिथे 15 वॅटच्या आसपास उष्णता साठते. ऐकायला हे काहीच नाही. पण मोबाइल दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची काडी साधारण एवढ्याच ताकदीवर कथील वितळवते. तसली एक काडी आमच्या भिंतीत रोज सकाळी अर्धा तास चालू होती. त्यात दर वेळी गरम होऊन गार होताना स्क्रू आणखी ढिला पडतो, म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची उष्णता जास्त.

एमसीबीला यातलं काही दिसत नाही. तिला दोनच गोष्टी कळतात: वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट, आणि शॉर्ट. आरसीसीबी (काही जण तिला ईएलसीबी म्हणतात) करंट बाहेर गळतोय का तेवढं पाहते. 30 मिलिअँपिअर गळती झाली की ती पडते, त्यामुळे शॉक लागून माणूस मरण्याचा धोका बराच कमी होतो. दोन्ही हव्यातच. पण सैल स्क्रू शोधायला नाक आणि हात हीच यंत्रं. गिझर, एसी, इस्त्री, मायक्रोवेव्ह यांपैकी जे असेल ते अर्धा तास चालल्यावर बटण बंद करा, टॉप काढा आणि पिनांना हात न लावता टॉपच्या अंगाला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर वायरमनला फोन करा. आणि बोर्डाजवळ मासळीचा वास येत असेल तर आधी बोर्ड बघा, मग शेजाऱ्यांवर संशय घ्या. हे प्लास्टिक तापलं की तसाच वास येतो.

पेपरात रोज छापून येतं, "शॉर्टसर्किटमुळे आग". बरेचदा शॉर्टसर्किट हा शेवटचा अंक असतो. आधी महिनोन् महिने वायर तापलेली असते, तिच्यावरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, आणि मग कधीतरी दोन उघड्या तारा एकमेकींना शिवतात. तापण्याची कारणंही ठरलेली. एका एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि टोस्टर. 6 अँपिअरच्या पॉइंटमध्ये कन्व्हर्टर खुपसून चालवलेला गिझर. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी बांधलेली जाड तांब्याची तार. ही तार बांधणाऱ्याला घरात हुशार समजतात. फ्यूज उडत होता कारण वायर तापत होती. आता फ्यूज उडत नाही आणि वायर मात्र तापतेच आहे. जुन्या चाळीतल्या किंवा 1980च्या सुमाराच्या इमारतीतल्या वायरी पंखा, दिवा आणि एखादा रेडिओ डोळ्यांसमोर ठेवून टाकलेल्या असतात. तिथे एसी बसवताना एसीच्या किमतीबरोबर मीटरपासून वेगळ्या वायरीचा खर्च धरायलाच हवा.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचं प्रकरण निराळं. लिथियमच्या बॅटरीत आतला एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. ही साखळी एकदा सुरू झाली की प्लग काढूनही थांबत नाही. 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा असाच स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. बॅटरी रात्री झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराशी चार्जिंगला लावायची नाही, आणि पडलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी लावायचीच नाही.

आता गॅस. "सिलिंडरचा स्फोट" हे शब्द वाचले की डोळ्यांसमोर बॉम्बसारखं फुटलेलं लोखंड येतं. आगीत सापडून खूप तापलेला सिलिंडर तसा फुटतो हे खरं. पण पुष्कळदा भिंती पडलेल्या असतात, खिडक्या रस्त्यावर गेलेल्या असतात आणि सिलिंडर जागच्या जागी धड असतो. स्फोट झालेला असतो खोलीतल्या हवेचा.

हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ती हवा पेट घेऊ शकते. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला तर उलट प्राणवायू कमी पडतो आणि पेटत नाही. आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आणि नऊ फूट उंची धरली तर त्यातली हवा 20 घनमीटर. तिचे दोन टक्के म्हणजे किलोभरापेक्षाही थोडा कमी गॅस. आपल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो. बरं, हा हिशेब गॅस सगळीकडे सारखा पसरला असं धरून केला. प्रत्यक्षात तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे पाण्यासारखा खाली उतरतो आणि ओट्याखाली, फरशीलगत, मोरीच्या जाळीपाशी साचतो. म्हणजे त्याहून कमी गॅसही पुरे.

गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कुजका वास कंपनीने मुद्दाम घातलेल्या एथिल मरकॅप्टनचा. गॅस पेटण्याइतका साचायच्या बराच आधी तो नाकाला कळावा, असं त्याचं प्रमाण ठेवतात. पण कळायला नाक जागं हवं आणि गॅसच्या वाटेवर हवं. फरशीवर साचलेला गॅस उभ्या माणसाला उशिरा कळतो आणि झोपलेल्याला बहुतेक कळतच नाही.

वास आला की पहिला हात बटणाकडे जातो, दिवा लावायला किंवा एक्झॉस्ट फॅन सुरू करायला. तोच हात आवरायचा. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. रोज पडते, रोज काही होत नाही, आज होईल. चालू दिवा बंद करतानाही ठिणगी पडतेच, तेव्हा जे जसं आहे ते तसं राहू द्यायचं. देवघरात निरांजन किंवा उदबत्ती असेल तर विझवायची, शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करायचा, दारंखिडक्या उघडायच्या आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. फ्रिज विसरू नका. तो आपणहून चालू-बंद होतो आणि बहुतेक घरांत स्वयंपाकघरातच असतो. मेन स्विच घराबाहेर, जिन्यात किंवा मीटररूममध्ये असेल तर तिथून वीज बंद करा. घरातच असेल तर त्याला हात लावू नका. फोन बाहेर जाऊन करायचा. गॅसगळतीसाठी 1906 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आणि ती टोपी! सिलिंडरच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली प्लास्टिकची टोपी असते. नवा सिलिंडर लावला की आपण ती बाजूला लटकवून विसरतो, काही घरांत तर दोरा कापून टाकलेला असतो. रेग्युलेटर काढल्यावरही व्हॉल्व्हमधून फुसफुस येत असेल तर हीच टोपी वर दाबून बसवायची, खट् आवाज येईपर्यंत. गळती थांबवायचं एवढं सोपं साधन घरात दुसरं नाही. ती बसवता येते का, हे गळती नसताना एकदा करून बघा. रेग्युलेटर काढायला आमच्या घरी फक्त मलाच जमत होतं. आईला शिकवल्यावर ती म्हणाली, "तू दिवसभर घरात नसतोस, मग हे आत्तापर्यंत कोण बंद करणार होतं?" उत्तर नव्हतं.

सिलिंडर घेताना गॅसवाल्यासमोरच सील काढायला लावा. तो व्हॉल्व्हमध्ये थेंबभर पाणी टाकून बुडबुडा येतो का बघेल, आतला वायसर जागेवर आहे का बघेल. हे त्याचं कामच आहे, त्याला घाई असली तरी. वरच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, उदाहरणार्थ सी-28. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, याप्रमाणे सी-28 म्हणजे 2028 च्या सप्टेंबरअखेरपर्यंत सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर परत पाठवा. नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं, आणि ते नळीवर छापलेलं असतं. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. काडी पेटवून बघणारे वीर अजून आहेत, म्हणून सांगतो.

मुंबई, ठाणे, पुण्यात पाइपचा गॅस आलेल्यांनी मात्र थोडं उलट लक्षात ठेवायचं. तो मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, त्यामुळे छताकडे जातो. गॅसचा अलार्म बसवायचा तर सिलिंडरवाल्यांनी फरशीजवळ आणि पाइपवाल्यांनी छताजवळ. सुताराने दिसेल तिथे ठोकला तर तो भिंतीची शोभा होऊन राहतो.

कढईतलं तेल पेटणं हा तिसरा प्रकार. तो इतका नेहमीचा, की त्याबद्दल कुणी लिहीत नाही. तेल एकदम पेटत नाही. आधी त्यातून निळसर धूर निघतो, म्हणजे तेव्हाच गॅस बंद करायचा असतो. पेटलंच तर घराघरांतली पहिली हाक असते, "पाणी आण!" पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं. तळाशी तेल तीनशे अंशांच्या पुढे गेलेलं. त्या क्षणी पाण्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती जागा तिला मिळते कढईतलं पेटतं तेल छतापर्यंत उडवून. वाटीभर पाण्यात एवढं होतं. त्याऐवजी नॉब बंद करा आणि कढईपेक्षा मोठी परात बाजूने सरकवत वर झाका. नॉबपर्यंत हात जात नसेल तर खालून रेग्युलेटर बंद करा. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. झाकल्यावर अर्धा तास उघडून बघायचं नाही, कारण तापलेल्या तेलाला हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं.

मागच्या शेगडीवरचं भांडं उतरवताना गाऊनची बाही किंवा ओढणी पुढच्या आचेवर येते. कपडे पेटले की माणूस पळतो, आणि पळण्याने आगीला वारा मिळतो. आडवं पडून लोळायचं. दुसऱ्याने सुती गोधडी किंवा जाड सतरंजी टाकून गुंडाळायचं. मग भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यातलं काही नाही.

इथवर झालं ते आग लागू नये म्हणून. लागलीच, तर हाताशी किती वेळ असतो?

अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन दिवाणखाने मांडून पेटवून पाहिले. एकात जुन्या पद्धतीचं लाकूड, कापूस असं सामान. दुसऱ्यात आजचं: फोमचा सोफा, पॉलिस्टरचे पडदे, सिंथेटिक गालिचा. जुन्या खोलीला पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नवी खोली पाच मिनिटांच्या आत भडकली. भडकली म्हणजे छताखाली साचलेला गरम धूर सहाशे अंशांच्या आसपास गेला आणि त्या तापाने खोलीतली प्रत्येक वस्तू, ज्वाळा न लागताही, एकदम पेटली. त्यानंतर त्या खोलीत माणूस वाचत नाही. आजीच्या घरातल्या कापसाच्या गाद्या आणि सागवानी खुर्च्या आपण दिल्या आणि त्या बदल्यात पंचवीस मिनिटं गमावली, असा या प्रयोगाचा अर्थ मी लावतो.

त्यातही माणसाला ज्वाळा गाठायच्या आधी धूर गाठतो. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही वायू निघतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी गुंगी येते, पाय जड होतात, आणि कडी काढायची अक्कल तेवढ्यात निघून जाते. झोपलेला माणूस धुराच्या वासाने जागा होईल हा भरवसा खोटा आहे, झोपेत वास फारसा कळत नाही. म्हणून बॅटरीवरचा स्मोक अलार्म. आपल्याकडे घरात तो बसवायची पद्धतच नाही, मोठ्या इमारतींच्या लॉबीत तेवढा दिसतो. आम्ही बेडरूमबाहेरच्या पॅसेजच्या छताला लावला. स्वयंपाकघरात लावू नका. मिरचीची फोडणी पडली की कोकलतो, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला घालतं.

22 ऑगस्ट 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. चार माणसं गेली. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून लोकांना ओली फडकी नाकातोंडावर धरायला लावली. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं फडकं काजळी अडवतं, डोळ्यांची-घशाची आग कमी करतं, खोकल्याची उबळ आवरतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून सरळ आत येतो. तेव्हा फडकं बांधून काळ्या धुराच्या जिन्यात उतरायचं धाडस करायचं नाही. धूर नसलेल्या खोलीत थांबून मदतीची वाट बघताना ते कामाचं.

कधी पळायचं आणि कधी थांबायचं, यात लोकांचा फार घोळ होतो. आग आपल्याच घरात असेल तर निघायचं. कपाट उघडायचं नाही, दागिने, कागदपत्रं काही घ्यायचं नाही. धूर वर असतो, म्हणून वाकून किंवा रांगत. सगळे बाहेर पडल्यावर दार ओढून घ्यायचं, कुलूप नाही लावायचं. आग दुसऱ्याच्या घरात असेल तर आपल्या दाराला हाताची मागची बाजू लावून बघा. गार असेल आणि जिन्यात धूर नसेल तर उतरा. दार गरम असेल किंवा जिना काळा झालेला असेल तर घरातच राहा, दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, बाहेरच्या बाजूच्या खिडकीशी जा, 101 किंवा 112 ला फोन करून मजला आणि फ्लॅट सांगा. लिफ्ट नको. उंच इमारतीत रेफ्यूज एरिया म्हणून मोकळी जागा ठेवलेली असते, ती अशाच वेळी थांबायला. आपल्या इमारतीत ती कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे सध्या कुणाच्या सायकली ठेवल्या आहेत, तेवढं जाऊन बघून या.

दाराचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. साधं लाकडी बंद दारसुद्धा धूर आणि ताप काही मिनिटं पलीकडे रोखून धरतं. पॅसेजमध्ये शेकडो अंश असताना बंद दारामागच्या खोलीत माणूस जगू शकतो. आमच्याकडे रात्री दारं उघडी ठेवून झोपायची सवय, आजीला हाक ऐकू यावी म्हणून, वारा खेळावा म्हणून. आता आम्ही ती ओढून घेतो. आजीच्या उशाशी बेल दिली.

अग्निशामक सिलिंडरबद्दल थोडक्यात. घरासाठी एबीसी पावडरचा, चारेक किलोचा घ्या, कारण घरच्या सगळ्यांना तो उचलता यायला हवा. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर न धरता बुडाशी धरायची, दांडा दाबून डावीउजवीकडे फिरवायचं. दहा-पंधरा सेकंदांत तो संपतो. म्हणून कचऱ्याची बादली पेटली तर वापरा, सोफा पूर्ण पेटला असेल तर निघा. हातात धरताना पाठ दाराकडे.

सोसायटीचं काम वेगळंच. महाराष्ट्रात 2006 च्या कायद्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, परवाना असलेल्या एजन्सीकडून. सेक्रेटरींकडे तो मागून बघा. आमच्याकडे तो नेमाने भरला जात होता. पण 14 एप्रिलच्या आठवड्यात प्रात्यक्षिक ठेवलं (1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे 66 जण गेले, त्यांच्या आठवणीचा हा आठवडा) तेव्हा कळलं की तीन मजल्यांवरचे पितळी नोझल चोरीला गेलेत आणि पंपाचं बटण ऑटोवरून काढून ठेवलंय. विजेच्या डक्टमध्ये कुणीतरी जुन्या गाद्या कोंबल्या होत्या. आग त्या डक्टमधूनच चिमणीसारखी वर चढते.

आमचं शेवटचं काम ग्रिलचं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चोराच्या भीतीने गॅलरीला आणि सगळ्या खिडक्यांना पिंजऱ्यासारखं ग्रिल, त्यावर आईच्या कुंड्या. मुख्य दाराशी आग लागली असती तर बंबवाल्यांना शिडी लावूनही आम्हाला बाहेर काढता आलं नसतं. फॅब्रिकेटरने बेडरूमच्या ग्रिलला दोन फूट बाय अडीच फुटांची झडप कापून बिजागऱ्या लावल्या. त्या जागेवरच्या कुंड्या हलवण्यावरून घरात आठवडाभर बोलणी झाली, तुळस शेवटी गॅलरीत गेली. झडपेच्या कुलपाची किल्ली लाल लोकरीत ओवून खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. दिवे घालवून प्रत्येकाला ते कुलूप उघडायला लावलं. पहिल्या रात्री मला सव्वा मिनिट लागलं, त्यातलं एक मिनिट किल्ली उलटी धरल्यामुळे. पावसाळ्यानंतर कुलूप गंजून अजिबातच उघडेना. आता गणपती विसर्जन झालं की त्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालतो.